हेडचे दहा बोल्ट

८ फेब्रुवारी

खटपटे,

पाकिटावरचे कोंबडीचे पाय बघून तुला कळलंच असेल हे कोणाचं अक्षर. तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईनं पत्र लिहायला घेतलंय, तेव्हा हसायचं ते आत्ताच हसून घे आणि मग सावकाश वाच. तुझा पत्ता तुझ्या बाबाच्या डायरीतून काढला. त्यानं दिला नाही. पण आई घरात असताना डायरी टेबलावर उघडी टाकून माणूस अंघोळीला जातो, म्हणजे दिल्यासारखंच झालं की.

पत्त्याखाली त्यानं बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, 'मुख्य मेकॅनिक, हाताखाली चार माणसं.' ते मी तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. मग चपला घातल्या आणि समोरच्या शिंपीणबाईंकडे गेले. त्या मशीनवरून मान वर न काढता म्हणाल्या, "चार पुरुष?" मी म्हटलं, "चारही." तेव्हा मात्र त्यांनी पाय थांबवला. असा आनंद मला तू पहिल्यांदा चालायला लागलीस तेव्हा झाला होता, आणि तेव्हासुद्धा तू चालत गेलीस ती थेट आजोबांच्या पान्यांच्या पेटीकडेच.

चार वर्षं झाली तुला जाऊन. ते मी उगाळत बसत नाही. तू तो ठरलेल्या जोराला टक वाजणारा पाना विकत आणलास, हे तुला दोन गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "ज्याला हात नाही त्यानं टक ऐकून बोल्ट आवळावा," आणि तू त्यांना त्याच दोन गिऱ्हाइकांदेखत म्हणालीस, "आणि तुमचा हात उद्या चुकायला लागला तर तुम्हाला सांगणार कोण?" झालं. जीभ दोघांचीही एकाच दुकानातली. मी मधे चहाचा ट्रे घेऊन उभी होते, तो चहा शेवटी त्या गिऱ्हाइकांनीच प्याला.

आजोबा छान आहेत. अगदी छान. गॅरेज बंद केलं हे तुला बाबानं कळवलं असेलच. आता मागच्या शेडमध्ये बाबाच्या जुन्या गाडीचं इंजिन आहे. गाडी भंगारात गेली, इंजिन मात्र बाबानं यांच्यासाठी काढून लाकडी ठोकळ्यांवर मांडून दिलं. त्याला वरून झाकणासारखं ॲल्युमिनियमचं हेड आहे, दहा बोल्टांचं. हे सकाळी चहा झाला की शेडमध्ये जातात आणि हेड बसवतात. तुला आठवतं ना कसं? आधी फडक्यानं पुसायचं, मग बोल्टाच्या आट्यांना बोटानं तेलाचा हात लावायचा, मग मधल्या दोघांपासून सुरुवात करून एकदा इकडचा, एकदा तिकडचा, असं बाहेर बाहेर जायचं. चादर मधून कडेला सारत नेल्यासारखं, म्हणजे सुरकुती राहत नाही. तीन फेरे. पहिला ओळखीचा, दुसरा मैत्रीचा, तिसरा लग्नाचा. हे तुला शिकवताना असंच म्हणायचे आणि तू म्हणायचीस, "आजोबा, मग काडीमोडाचा फेरा कुठला?" आजोबा म्हणायचे, "तो ॲल्युमिनियमवाला देव ठरवतो. घाई केली की हे हेड रुसतं, आणि एकदा रुसलं की जन्मभर वाकडं."

तर माझी एक शंका. हल्ली तिसऱ्या फेऱ्यात एक बोल्ट कुईं करतो. हे पाना थांबवतात, कान देतात आणि पुटपुटतात, "हा अजून येतोय. अजून येतोयच." म्हणजे आवळला तरी घट्ट होऊन थांबत नाही. असं का होत असेल? मला आपली उत्सुकता.

मी विचारलं हे आजोबांना सांगू नकोस. तसंही तुम्ही एकमेकांशी बोलत नाही, तेव्हा ती काळजी नाहीच.

तुझी आजी

१९ फेब्रुवारी

खटपटे, खटपटे, खटपटे,

तुझं पत्र आलं! पाच ओळी, पण आलं. पोस्टमनला मी दारातच थांबवून पाणी प्यायला लावलं, त्याला नको होतं तरी. तुझं अक्षर अजून तसंच आहे, मुंग्यांची रांग पावसाला भिऊन पळाल्यासारखं. मी बोट ठेवून ठेवून वाचलं.

तू लिहिलंस की या नव्या इंजिनांचे बोल्ट ताणाचे असतात. आवळताना ते मुद्दाम ताणले जातात आणि त्या ताणावरच हेड धरून ठेवतात, म्हणून ते एकदाच आवळायचे, काढले की टाकून द्यायचे. हे मला नवीनच होतं बाई. जुन्या लोखंडी हेडचे बोल्ट आपण रॉकेलमध्ये धुऊन परत परत वापरले, तुझ्या बाबाच्या शाळेपासून त्याच्या लग्नापर्यंत तेच बोल्ट. आणि मग तू शेवटच्या ओळीत विचारलंस, 'किती वेळा काढले-घातले? आणि काढतंय कोण?'

किती वेळा ते काही मी मोजलं नाही. बरेचदा.

आधी तुला दुसरं एक सांगायचंय. मागच्या पत्रात मी छान छान लिहिलं. छान आहेतच, प्रकृती चांगली आहे, दात तर माझ्यापेक्षा जास्त आहेत. पण विसरायला लागलेत. आधी चष्मा, मग किल्ली, ते सगळ्यांचंच होतं. मग माणसंही विसरायला लागले. परवा मला विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, "एक म्हातारा असतो, फार प्रश्न विचारतो." तर खो खो हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे एक म्हातारी आहे, तीही तशीच." हसता हसता माझ्या डोळ्यात पाणी आलं, पण हसणं खरं होतं, खोटं सांगत नाही.

त्यापेक्षा वाईट म्हणजे निघून जातात. काम नसलं की चपला घालून चालायला लागतात. दोनदा जुन्या गॅरेजच्या गल्लीत सापडले, तिथे आता औषधांचं दुकान आहे, त्याच्या शटरपाशी किल्ली शोधत उभे होते. आणि एकदा मोठ्या चौकात. सिग्नलला थांबलेल्या एका गाडीचं बॉनेट उघडायला लागले. तो गाडीवाला उतरून ओरडला, "बाबा, काय चाललंय?" हे म्हणाले, "ओरडू नको, ऐकू दे. टॅपेट वाजतंय तुझं." मागच्या गाड्या हॉर्न वाजवतायत, आणि हे कान लावून उभे. तो गाडीवाला भला, यांना घरी आणून सोडलं. आठ दिवसांनी सांगायला आला की खरंच इंजिनातलं टॅपेट सैल होऊन वाजत होतं. मला इतका अभिमान वाटला की रागवायचं राहूनच गेलं. पण बाबानं डोकं धरलं. म्हणाला, "आई, पुढच्या वेळी एखादी गाडी थांबणार नाही." तुझी आई म्हणते, दाराला कुलूप लावू. अगं, ज्यानं गावभरच्या गाड्यांची कुलपं तारेनं उघडली त्याला कुलूप?

म्हणून ते इंजिन. इंजिन आलं तशी यांची भटकंती बंद झाली. पाना हातात आला की माणूस जागेवर येतो. मला नावानं हाक मारतात. तुझंही नाव घेतात कधी कधी, रागानं, पण बरोबर नाव घेतात.

तू फोन नंबर दिलास, पण फोन हॉलमध्ये, हे तिथेच बसतात, आणि माझा डावा कान गेलाय, उजवा जायच्या तयारीत आहे. तू तिकडून ओरडणार, मी इकडून ओरडणार, आणि सगळं यांच्यासमोर. पत्रच बरं. पत्र परत परत वाचता येतं.

नव्या बोल्टांचा सेट पाठवतेस म्हणालीस. पाठव. पण आत्ता जे आहेत ते चालू देत थोडे दिवस. काही होत नाही गं. इंजिन काय कुठे जाणार आहे?

तुझी आजी

२ मार्च

खटपटे,

बोल्ट तुटला.

काल सकाळी. मी खिडकीत भांडी पुसत होते. तिसरा फेरा चालला होता, आणि बंदुकीसारखा आवाज आला. पळत गेले. हे स्टुलावरून पडले नव्हते, लागलंही नव्हतं कुठे. पाना हातात, पान्यात बोल्टाचं डोकं, आणि बाकीचा बोल्ट खाली इंजिनात. हे नुसते त्या डोक्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "अहो, तुटला तर तुटला. लोखंड आहे, तुटायचंच."

हे म्हणाले, "माझ्या हातानं कधी बोल्ट तुटलाय?"

खरंय ते. नाहीच तुटला कधी. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

मग म्हणाले, "पोर म्हणाली होती. हात चुकला तर सांगणार कोण. आता बोल्टानंच सांगितलं."

अगं, यांना आपलं घर आठवत नाही, सकाळी चहा झाला की नाही ते आठवत नाही, आणि तुझं चार वर्षांपूर्वीचं वाक्य जसंच्या तसं. मी तुला दोष देण्यासाठी लिहीत नाहीये. सांगितल्याशिवाय राहवलं नाही म्हणून लिहिते.

पाना त्यांनी पेटीत ठेवला, त्याच्या जागेवर, पुसून. आणि घरात येऊन बसले.

तुझे नवे बोल्ट आज दुपारच्या टपालानं आले. डबा तसाच ठेवलाय.

आजी

९ मार्च

खटपटे,

तू विचारलं होतंस ना, काढतंय कोण. परत विचारलंस या पत्रातही, आणि या वेळी त्याच्याखाली रेघ मारलीस. मी तिसरीपर्यंतच शिकले, पण रेघेचा अर्थ मला कळतो.

मी काढत होते.

बस, लिहिलं. आता सगळं सांगते.

इंजिन आलं त्या पहिल्या दिवशी यांनी सकाळभर बसून हेड बसवलं, आणि काय सांगू, तुझे जुने आजोबा परत आले होते. जेवताना गप्पा, विनोद, मला म्हणाले, "आज हात मस्त चालला." दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले, बघितलं, एकेका बोल्टाला पाना लावून बघितला. सगळे घट्ट. "झालंय की हे," म्हणाले, आणि फडकं खुंटीला अडकवून निघाले रस्त्यानं. परत त्याच चौकात सापडले, हे तुला मागे लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे पंखा लावून झोपले होते तेव्हा मी शेडमध्ये गेले. पान्याला नळाच्या पाईपचा लांब तुकडा घातला, भिंतीला पाठ लावली आणि जोर केला. पहिल्या बोल्टानं कट्ट करून आवाज केला तेव्हा मला वाटलं माझंच हाड गेलं. पण सुटला. दहाही सुटले. शिंपीणबाईंनी त्यांच्या खिडकीतून बघितलं आणि विचारलं, "काय आजी, व्यायामशाळा काढली का?" मी म्हटलं, "हो, येता का?"

चौथ्या दिवशी सकाळी हे गेले, हेड सैल बघितलं आणि म्हणाले, "अरे, हे राहिलंच वाटतं." आणि बसले स्टुलावर. कुठे म्हणून गेले नाहीत.

मग रोज. रोज दुपारी मी सैल करायचं, रोज सकाळी त्यांनी आवळायचं. महिन्याच्या वर चाललं. मला इतकी गंमत वाटायची म्हणून सांगू! पाईप घेऊन शेडमध्ये जाताना मी गाणं गुणगुणायचे. या वयात नवऱ्याला फसवायचं, आणि त्यानं रोज सकाळी नव्यानं खूश व्हायचं. मला वाटलं, आपल्याला युक्ती सापडली. जुने बोल्ट जन्मभर चालायचे, हेही चालतील. माझ्या डोक्यात लोखंडी हेड, समोर ॲल्युमिनियमचं. तू पहिल्या पत्रात सांगितलंस की एकदाच आवळायचे, तेव्हा पाईप मी कोपऱ्यात ठेवून दिला होता. पण त्या दुपारी परत पाईप घेऊन गेलेच. दुसरं काय करणार होते? न जाते तर सकाळी हे रस्त्यावर. तूच सांग काय केलं असतंस. नको, सांगू नकोस.

आता घरात बसून असतात. मला ते घरात बसायला हवे होते ना? बसले. उजवा हात मांडीवर ठेवतात आणि त्याच्यावर डावा झाकतात, एखाद्याला दाखवायचा नसल्यासारखा. चहाचा कप डाव्या हातानं उचलतात, अर्धा बशीत सांडतो. शर्टाची बटणं मी लावते. काहीच विसरत नसते तर निदान हे दुःख जुनं झालं असतं. पण सकाळी उठतात तेव्हा सगळं विसरलेले असतात, वार, महिना, मी, आणि बोल्ट तेवढा आठवतो. बाकी सगळी पाटी कोरी, आणि तेवढं एक वाक्य, 'माझ्या हातानं बोल्ट तुटला.'

मी सांगून बघितलं. परवा समोर बसले आणि म्हटलं, "अहो, मी रोज दुपारी सैल करत होते. तुम्ही रोज ताणलेलाच बोल्ट ताणत होता. तुमच्या हाताचा काही दोष नाही."

तर माझ्याकडे अशा मायेनं बघितलं की विचारू नकोस. म्हणाले, "तुला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते तरी माहीत आहे का? माझं मन राखायला बोलतेस. चांगली आहेस तू."

खरं बोलले आणि चांगली ठरले. असं कोणाचं होतं का?

बाबानं सांगून बघितलं. त्याला म्हणाले, "तू ऑफिसात बस." विषय संपला. या घरात यांनी एकाच माणसाचं इंजिनाबाबतीत ऐकलंय, तेही भांडून, आणि ते माणूस तिकडे चार पुरुष हाताखाली घेऊन बसलंय.

म्हणून मागते. तू त्यांना एक पत्र लिही. त्यांच्या नावानं. लिही की कंपनीचे बोल्टच खराब होते, त्या सगळ्या गाड्यांचे तुटतायत, तुमच्याकडेही चार तुटले. मुख्य मेकॅनिकनं लिहिल्यावर मानतील. माझं नाव कशाला घालायचं त्यात? मला लाज वाटते म्हणून नाही. बरं, वाटते. पन्नास वर्षं ज्या माणसानं माझ्या हातच्या चहाशिवाय पाना उचलला नाही, त्याला मी महिनाभर खेळवलं, हे त्याला कळू नये असं वाटतं. एवढं कर माझ्यासाठी. खोटं आहे, पण छोटं आहे.

तुझी आजी

६ एप्रिल

खटपटे,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि मी आज उत्तर लिहिते, याचं कारण मी तुझ्यावर रागावले होते. आता नाही. आता मला तुझ्या गळ्यात पडून तुला एक धपाटा घालायचाय, दोन्ही एकदमच.

मी तुला छोटं खोटं मागितलं आणि तू मोठं खरं पाठवलंस. पाकिटावर आजोबांचं नाव, म्हणून मी उघडलं नाही. बाबा म्हणाला, "वाचून दाखव ना, त्यांचा चष्मा सापडत नाहीये." मी मोठ्या उत्साहानं वाचायला लागले. म्हटलं, आता येईल कंपनीचा दोष. आणि आलं काय?

'आजोबा, बोल्ट तुमच्या हातानं तुटला नाही. हे बोल्ट एकदाच आवळायचे असतात आणि तुम्ही पहिल्या दिवशी ते बरोबर आवळले होते. आजी रोज दुपारी ते सैल करत होती, तुम्ही घरी राहावं म्हणून. तुम्ही रोज सकाळी ते परत आवळत होता. असा बोल्ट माझ्या हाताखाली तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुटला असता, माझ्या पान्यानं टक केलं असतं तरीही. तुमच्या हाताखाली तो महिना टिकला. मी माझ्या चारही माणसांना हे सांगितलं, त्यांचा विश्वास बसत नाहीये. मी तेव्हा बोलले ते परत घेत नाही, पण या बोल्टाशी त्याचा संबंध नाही.'

'आजी रोज दुपारी' इथवर वाचलं आणि कागद खाली ठेवला. बाबा म्हणाला, "पुढे?" काय करते, वाचलं.

हे पुढे वाकले. मग म्हणाले, "महिना टिकला?"

"तसं लिहिलंय."

"परत वाच."

परत वाचलं. मग यांनी उजवा हात डाव्या हाताखालून काढला, समोर धरून उघडला, मिटला. आणि मग माझ्याकडे वळले. अगं, काय सांगू! "मला महिनाभर खुळ्यासारखा नाचवलास? नवऱ्याला? रोज सकाळी मी घाम गाळतोय आणि ही दुपारी पाईप घेऊन त्यावर पाणी ओततेय? आणि वर विचारायचीस, आज हात कसा चालला?" टेबलावर हात आपटला, उजवा. कप उडाला. बाबा मधे पडला तर त्याला म्हणाले, "तू ऑफिसात जा." मग माझ्याशी अबोला. जेवायला बसेपर्यंत एक शब्द नाही. आणि जेवताना, काही झालंच नाही असं, "तुमच्याकडे मीठ आहे का?"

मी म्हटलं, चला, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हात मांडीवर, त्याच्यावर दुसरा हात. "माझ्या हातानं बोल्ट तुटला." पत्र विसरले. माझ्यावर रागावलेले विसरले. बोल्ट नाही विसरले.

मग परत पत्र वाचलं. परत "महिना टिकला?" परत हात उघडला, मिटला. परत टेबल, परत शिव्या, परत अबोला.

तिसऱ्या दिवशी मी लबाडी केली. आजीची ओळ गाळली. 'हे बोल्ट एकदाच आवळायचे असतात' इथून उडी मारून एकदम 'महिना टिकला' वर गेले. हे म्हणाले, "एकदाच आवळायचे, मग इतक्या वेळा ताणला कोणी? मीच ना? म्हणजे विसरून विसरून मीच आवळत बसलो." आणि तो सगळा दिवस कसा गेला ते तुला सांगत नाही. डोकं जागेवर नसताना हिशेब बरोबर लागतो माणसाचा, याला काय म्हणावं? तेव्हापासून एकही शब्द गाळत नाही.

तर आता असं चाललंय. सकाळी साडेआठला चहा, मग तुझं पत्र, मग मला शिव्या. बाबा म्हणतो, "आई, रोज कशाला खातेस? त्याच त्याच शिव्या." मी म्हणते, त्याच त्याच कुठे, परवा 'कपटी' नवीन होती. आणि त्याला हे दिसत नाही की रागावले की हे कप उजव्या हातानं उचलतात. बटणं आपली आपण लावतात, तणतणत. दुपारपर्यंत हात हात असतो. संध्याकाळी परत मांडीवर जातो, पण सकाळ माझ्या ताब्यात आहे. शेडमध्ये जात नाहीत अजून. तुझा नवा डबा उघडून एकदा बघितला, दहाच्या दहा बोल्ट टेबलावर उभे करून ठेवले होते, परत भरून ठेवले. भटकायला गेले एकदा, शिंपीणबाईंनी कोपऱ्यावरून आणलं. ते तसं आहेच. त्यावर माझ्याकडे काही नाही.

तू येतेस का असं मी विचारत नाहीये. हे मात्र विचारतात, पत्र संपलं की. "हिला लिहिलंस का, ये म्हणून?" मी म्हणते, लिहिलं. आज लिहिलं बघ, तेवढंही खोटं उरलं नाही.

आता एक गोष्ट सांगते आणि थांबते, पोस्टाची पेटी दहाला उघडतात.

मागच्या बुधवारी शिव्या देऊन झाल्या. अबोला सुरू झाला. मी ओटा पुसत होते. आणि अबोला मोडून हे एकदम म्हणाले, "सैल करताना सुरुवात कुठून करायचीस?"

मी म्हटलं, "कडेपासून. कडेचे आधी, मग आत, मधले दोन शेवटी."

"एकेक पूर्ण काढायचीस?"

"नाही हो. आधी सगळ्यांना थोडं थोडं, मग परत फिरून."

हे माझ्याकडे बघत राहिले. गिऱ्हाइकाकडे नव्हे, शिकाऊ माणसाकडे नव्हे, बरोबरीच्या मेकॅनिककडे बघतात तसं. तुझ्याकडे बघायचे तसं. म्हणाले, "म्हणजे हेड वाकवलं नाहीस."

"नाही."

"कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, "स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते, बघितलंय का कधी? गॅरेजातली इंजिनं शेडमध्ये आणून खोलायचात, तेव्हा पन्नास वर्षं भांडी घासताना नुसती भांडी बघत होते काय मी?"

तर हसले. आणि म्हणाले, "मग मला सांगायचंस ना वेडे. दुपारी दोघांनी मिळून काढले असते."

खटपटे, फडकं ओट्यावर टाकलं. तसाच ओला हात घेऊन उभी राहिले.

जेवायच्या वेळेपर्यंत ते गेलं. गुरुवारी पत्र वाचलं, शिव्या झाल्या, मी ओट्यापाशीच घुटमळले, पुसलेला ओटा परत पुसला. नाही विचारलं. शुक्रवारी मी मुद्दाम म्हटलं, "कडेपासून सैल केले हो मी," तर म्हणाले, "काय सैल केलं?" आणि आणखी भडकले. आपण होऊन विचारलं तरच ते, मी आठवण करून दिली तर नाही. शनिवारीही नाही. कालही नाही.

आज उठलेत. हॉलमध्ये बसलेत, हात मांडीवर. चहा ठेवलाय. जाते, पत्र वाचून येते.

आजी